मूत्रपिंडाची चिकित्सा आणि हिशेबाची वही

दोन वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील एका यंत्रमाग कामगाराची दोन्ही मूत्रपिंडे निकामी झाली. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू होते. तेवढ्यात दूरच्या शहरातील एका खासगी दवाखान्याची जाहिरात कोणीतरी त्याला दाखविली. मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, टोचल्या की मूत्रपिंड पुन्हा कामाला लागते! बायकोच्या पाटल्या मोडल्या, कर्ज काढले आणि उरलेली रक्कम आम्ही वर्गणीने उभी केली. पावतीपुस्तकावर सही आमचीच होती. महिन्याभराने तो सुजलेल्या पायांनी परत आला आणि डायलिसिसच्या त्याच खाटेवर जाऊन पडला. गुण आला नाही, कर्ज मात्र डोक्यावर बसले. आमचे शिक्षण सातवीपर्यंतचे. पण ज्या कामासाठी आपण सही केली त्याची चौकशी आधी करावयास हवी होती, ही बोच काही जाईना. म्हणून आम्ही या चिकित्सेचा इतिहास धुंडाळू लागलो. त्यातले जे समजले ते श्रोत्यांपुढे ठेवीत आहोत.

आरंभ हॉलंडमध्ये झाला. तो देश जर्मन फौजांच्या ताब्यात असताना, 1943 साली, कांपेन या लहानशा गावी विलेम कोल्फ या तरुण डॉक्टरांनी कृत्रिम मूत्रपिंड चालविले. सॉसेज भरण्यासाठी वापरीत ती सेलोफेनची नळी लाकडी पट्ट्यांच्या पिंपाभोवती गुंडाळायची, नळीतून रक्त फिरवायचे आणि ते पिंप क्षारमिश्रित पाण्यात फिरते ठेवायचे, अशी ती साधी रचना. पहिल्या सोळा रुग्णांपैकी जवळजवळ सर्व दगावले. 1945 च्या सप्टेंबरात सतरावी रुग्ण, एक वृद्ध स्त्री, शुद्धीवर आली आणि पुढे सात वर्षे जगली. कोल्फ यांनी आपले अपयश दडविले नाही, ते प्रसिद्ध केले. आणि युद्धानंतर आपली यंत्रे परदेशांतील रुग्णालयांना फुकट देऊन टाकली. हिशेबाच्या वहीत जमेची बाजू लिहिणारे पुष्कळ. नावेची बाजू उघडी ठेवणारा विरळा.

परंतु हे यंत्र थोडे दिवसच चालविता येई, कारण प्रत्येक वेळी नवी रक्तवाहिनी उघडावी लागे. 1960 साली अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हातात कायम राहील अशी टेफ्लॉनची नळी बसविली. त्यांचा पहिला रुग्ण क्लाइड शील्ड्स हा यंत्रकामगार होता. तो अकरा वर्षे जगला. आता पेच निराळाच पडला. यंत्रे थोडी, रुग्ण फार! तेव्हा तेथे सात जणांची समिती नेमली गेली. तिने कोणाचे उत्पन्न किती, शिक्षण काय, पोरेबाळे किती, हे पाहून कोणाला यंत्र द्यावयाचे ते ठरवावे. त्या समितीत वकील होता, धर्मोपदेशक होता, बँकवाला होता, आणि एक कामगार पुढारीही होता. त्या खुर्चीत बसलेल्या आमच्या भाऊबंदाला रात्री झोप कशी लागली असेल? हा पेच समितीने सुटला नाही. 1971 साली एका रुग्णाने अमेरिकी संसदेच्या समितीपुढेच डायलिसिस करून घेतले. 1972 साली कायदा झाला आणि बहुतेक सर्व रुग्णांचा मोठा खर्च सरकारने उचलला.

दुसरा ओघ मूळपेशींचा. 1961 साली कॅनडातील टिल आणि मॅककुलक यांनी उंदरांच्या अस्थिमज्जेत रक्त निर्माण करणाऱ्या पेशी दाखवून दिल्या. डोनल टॉमस यांनी मज्जारोपण रक्ताच्या कर्करोगावर उपयोगात आणले. 1954 साली बॉस्टनमध्ये जुळ्या भावाचे मूत्रपिंड बसविणारे जोसेफ मरी आणि हे टॉमस, या दोघांना 1990 चे नोबेल पारितोषिक मिळून दिले गेले.

मग रक्ताला जे साधले ते मूत्रपिंडाला का साधू नये? आमच्या धंद्यातला दाखला देतो. रक्त म्हणजे खात्यातली माणसे. एक गेला तर बदली कामगार उभा करता येतो. मूत्रपिंड हा माग आहे. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या, त्यांना जोडलेल्या नळ्या व रक्तवाहिन्या, सर्व ठरल्या जागी. जन्मानंतर नवी गाळणी तयार होत नाही. माग मोडला असता खात्यात नुसते नवे विणकर आणून सोडले, तर कापड निघत नाही.

तरीही संशोधन थांबलेले नाही. जपानच्या यामानाका यांनी 2006 साली उंदराच्या साध्या पेशी पुन्हा मूळ अवस्थेत नेल्या, पुढल्या वर्षी माणसाच्याही. 2015 साली ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी अशा पेशींपासून मूत्रपिंडाचे इवलेसे प्रतिरूप वाढविले. परंतु ते शरीरात बसवून काम करील असे मूत्रपिंड नव्हे. 2008 साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी पाच रुग्णांत एकाच दात्याचे मूत्रपिंड व मज्जा बसविल्याचे प्रसिद्ध केले. चौघांची प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे थांबविता आली, एकाचे मूत्रपिंड गेले. गेलेलेही त्यांनी मोजले. उलट 2010 साली थायलंडमधून आलेली हकीकत पाहा. खासगी दवाखान्यात मूत्रपिंडात मूळपेशी टोचून घेतलेल्या एका स्त्रीच्या त्या जागी गाठी झाल्या. मूत्रपिंड सुधारले नाही, आणि पुढे ती वारली.

आपल्याकडे आयसीएमआरच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना स्पष्ट आहेत. रक्ताच्या व तत्सम ठराविक आजारांवरील मज्जा-मूळपेशीरोपण सोडले, तर बाकीचा वापर मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, आणि चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत. म्हणजे जो पैसे मागतो, त्याची परीक्षा तिथेच होते.

आता आमच्या कचेरीत कोणी अशा उपचारासाठी वर्गणी मागितली, तर आम्ही आधी विचारतो: किती रुग्णांवर केले, किती दगावले, आणि हे कोठे छापले आहे? उत्तर मिळाले नाही तर पावतीपुस्तक उघडत नाही. 2016 पासून सरकारी योजनेतून जिल्हा रुग्णालयांत गरिबांना मोफत डायलिसिस देण्याची तरतूद आहे. तेथे यंत्र बंद असेल तर मोर्चा न्यावयास आम्ही तयार आहोत. त्या कामगाराचे कर्ज युनियन हप्त्याहप्त्याने फेडीत आहे. तो अजून डायलिसिसवर आहे, आणि दर आठवड्याला त्याला रुग्णालयात पोचविण्याची पाळी आम्ही वाटून घेतली आहे.