खांदेरीची बत्ती: आधी अंधार कामाचा, मग उजेड

आजचा एपिसोड चाकणच्या भाड्याच्या खोलीत रेकॉर्ड केलाय. मागे कंटेनरचे हॉर्न ऐकू आले तर सांभाळून घ्या. गोष्ट मात्र समुद्राची आहे.

माझं घर अलिबागजवळच्या थळला. इथे कंपनीत मी गाड्यांचे हेडलॅम्प तपासतो, आणि सुट्टीत घरी गेलो की कोकणातल्या दीपगृहांचे फोटो काढतो. सुरुवात केली ती घरासमोरच्या खांदेरीपासून.

खांदेरी म्हणजे मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेलं बेट. 1679 मध्ये शिवाजी महाराजांनी इथे किल्ला बांधायला घेतला, आणि इंग्रजांच्या पोटात गोळाच आला. त्यांची ‘रिव्हेंज’सारखी मोठी जहाजं बेटाभोवती पहारा देऊ लागली. पण मायनाक भंडारींच्या माणसांनी काय केलं? रात्रीच्या काळोखात छोट्या होड्या उथळ पाण्यातून काढून बेटावर सामान पोचवलं. मोठ्या जहाजांना तिथे शिरताच येईना. शेवटी इंग्रजांना पहारा उठवावा लागला आणि खांदेरी मराठ्यांकडेच राहिली. थोडक्यात, तेव्हा अंधार आपल्या बाजूने लढला.

आता गंमत बघा. ज्या बेटावर किल्ला नको म्हणून इंग्रज भांडले, त्याच बेटावर 188 वर्षांनी, 1867 मध्ये, त्यांनीच दीपगृह बांधलं. तोवर कोकण त्यांच्या हातात गेलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे मुंबईच्या कापसाला प्रचंड मागणी येऊन गेली होती, सुएझचा कालवा खोदला जात होता. जहाजं वाढली तसे खडकही महाग पडायला लागले.

दीपगृहाचं तंत्र मला माझ्या कामामुळे पटकन कळलं. दिव्याचा उजेड चहूकडे सांडतो, तो गोळा करून एका दिशेला फेकायचा असतो. हेडलॅम्पचंही तेच. पण एवढी मोठी, जाड काच भयंकर जड होते. फ्रेंच शास्त्रज्ञ ऑगस्टिन फ्रेनेल यांनी काचेचे पातळ कंगोरे कडीकडीने रचले, वजन कमी झालं आणि उजेड लांब गेला. 1823 मध्ये फ्रान्सच्या कोर्दुआं दीपगृहात असं भिंग पहिल्यांदा लागलं.

बऱ्याच दीपगृहांत दिवा पेटत-विझत नसतो, त्याच्याभोवती भिंग फिरतं. म्हणून लांबून झोत येतो आणि जातो. किती झोत आणि मध्ये किती अंधार, ही त्या दीपगृहाची ओळख. शेजारच्या दीपगृहाचा हिशोब वेगळा ठेवतात, म्हणजे खलाशाला आपण कुठे आहोत ते कळतं.

हे मला पुस्तकाआधी आबांनी शिकवलं. माझे आजोबा आयुष्यभर मासेमारीला गेले. गेल्या दिवाळीत मी होडीने खांदेरीला जाऊन भरदुपारी बुरुजाचे झकास फोटो काढले आणि त्यांना मोबाइलवर दाखवले. मोतीबिंदूमुळे त्यांना नीट दिसत नाही. स्क्रीन डोळ्यांजवळ धरून म्हणाले, “ही कुठली इमारत रे?”

मला जरा वाईटच वाटलं. मग डोक्यात आलं, आबांना बुरुजाशी काय करायचंय? त्यांची खांदेरी रात्रीची. त्या रात्री किनाऱ्यावर बसून मी नुसता व्हिडिओ काढला. काळी स्क्रीन आणि मध्येच एक ठिपका. फोटोग्राफी म्हणून शून्य.

सकाळी तो लावून फोन त्यांच्या हातात दिला. काही वेळ बघून त्यांनी डोळे मिटले आणि मांडीवर बोटाने ताल धरला. मी स्क्रीनकडे बघत होतो. बोट पडायचं आणि झोत यायचा. एकदाही चुकलं नाही.

“हां, हीच,” ते म्हणाले. “हिला बघूनच घरी यायचो.”

आज होड्यांवर जीपीएस आहे. 2025 मध्ये खांदेरी किल्ला युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीतही गेला, त्यामुळे किल्ल्याचा इतिहास टिकेल. पण बत्ती मोजत घरी येणाऱ्यांचा हिशोब कुठल्या फलकावर लिहिलेला नाही. आबांनी मोजलेली ती दोन मिनिटं मी रेकॉर्ड करून ठेवलीत.

तुमच्या घरात असं कुणी असेल, तर या सुट्टीत फोन त्यांच्यासमोर ठेवा आणि रेकॉर्डचं बटण दाबा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!