सरपणावर पसरलेली गोधडी

जळाऊ लाकडांची एक रास आहे. तिच्यावर गोधडी पसरून टाकलेली आहे, आणि जवळच एक वयस्क बाई आपल्या पणतीसह उभ्या आहेत. अमेरिकेंतील आलाबामा राज्यांत, रिहोबोथ नांवाच्या वस्तींत, १९९३ सालीं रोलंड फ्रीमन या छायाचित्रकारांनीं काढलेलें हें चित्र होय. बाईंचें नांव ॲनी मे यंग. गोधडी त्यांनींच १९७६च्या सुमारास शिवलेली. मध्यभागीं भडक रंगांच्या कॉर्डुरॉयच्या पट्ट्या, आणि भोंवतालीं कामाच्या जुन्या कपड्यांचें विटलेलें निळें कापड. आफ्रिकन वंशाच्या अमेरिकन गोधडीकारांविषयीं फ्रीमन यांनीं १९९६ सालीं जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यांत हें चित्र छापलें गेलें.

गोधडीचें चित्र घराबाहेर कां काढावें? यांत कलावंताची लहर थोडी व सोय अधिक. ही गोधडी नऊ फूट लांब व जवळजवळ साडेसहा फूट रुंद आहे. लहान घरांत एवढी वस्तु एकदम कोणालाच दिसत नाहीं. खाटेवर घातली तर कडा खालीं लोंबतात, घडी घातली तर मधला भाग झांकतो. आणि जिनें ती शिवली तिलाही ती बहुतेक मांडीवर, तुकड्यातुकड्यानेंच दिसलेली असते. अंगण मिळालें, ऊन मिळालें, आणि दहा पावलें मागें हटावयास जागा मिळाली, म्हणजे गोधडी प्रथमच सबंध दिसते. महाराष्ट्रांत लुगड्याधोतरांची गोधडी धुऊन कुंपणावर टाकतात तेव्हांही हेंच घडतें. मात्र तेथें कॅमेरा घेऊन सहसा कोणी उभा नसतो.

रिहोबोथच्या नजीक, आलाबामा नदीच्या एका मोठ्या वळणांत, गीज बेंड हें गांव आहे. त्याच्या तिन्ही बाजूंस पाणी. १८१६ सालीं जोसेफ गी नांवाच्या जमीनदारानें येथें कापसाचा मळा वसविला, आणि १८४५ सालीं तो मळा, त्यावरील गुलामांसह, कर्जापोटीं मार्क पेटवे याच्या हातीं गेला. नवा मालक उत्तर कॅरोलायनांतून येथें आला तेव्हां त्याच्या बरोबरचे शंभराच्या आसपास गुलाम ती सारी वाट पायीं चालत आले. गुलामगिरी १८६५ सालीं संपली. पेटवे हें आडनांव मात्र गांवांत पुष्कळांच्या माथीं तसेंच राहिलें, आणि दुसऱ्याच्या जमिनीवर खपणेंही राहिलें.

ज्या लाकडी खोपटांच्या फटींतून हिवाळ्याचा वारा सरळ आंत येई, तेथें गोधडी ही शोभेची वस्तु नव्हती. शेतांत झिजलेल्या विजारी, सदरे, पिठाचीं व खताचीं पोतीं, जें हातीं येईल तें टांक्याखालीं जाई. विजारीचा खिसा उसवला कीं, त्याखालचें ऊन न लागलेलें गडद निळें कापड उघडें पडे, आणि तो डाग तसाच गोधडींत बसे. १९४२ सालीं मिझूरी पेटवे या बाईंनीं आपल्या मृत पतीचे कामाचे कपडे फाडून एक गोधडी शिवली. त्यांची आठवण राहावी व मायेनें तीच पांघरून निजावें, एवढाच त्यांचा हेतु होता, असें त्यांच्या मुलीनें पुढें सांगितलें आहे. या एका गोधडीपुढें रंगसंगतीची सारी विद्वान चर्चा जरा फिकी पडते.

तत्पूर्वीं गांवावर एक मोठा घाला पडून गेला होता. १९३२ सालीं उधारी देणारा व्यापारी वारला आणि त्याच्या विधवेच्या वतीनें वसुली सुरू झाली. साठएक कुटुंबांचीं गुरें, अवजारें, साठविलेला मका, सारें उचलून नेण्यांत आलें. रेड क्रॉसच्या शिध्यानें लोक जगले. पुढें १९३७ सालीं सरकारी खात्यानें आर्थर रॉथस्टीन या छायाचित्रकारास तेथें धाडलें. वर्तमानपत्रांचे कागद चिकटविलेल्या भिंती, मातीच्या भेगा, उघडीं दारें त्यांनीं टिपलीं. एका चित्रांत जोरेना पेटवे दोन मुलींना जवळ घेऊन गोधडी शिवीत आहेत. परंतु हीं चित्रें दारिद्र्य दिसावें म्हणून काढलेलीं होतीं, आणि गोधडी त्यांत घरांतील सामानासारखी येते. तीं व्यर्थ गेलीं असें मात्र नव्हे. सरकारनें जमीन विकत घेतली, घरें बांधलीं, आणि कालांतरानें तीं कुटुंबांना हलक्या व्याजाच्या कर्जावर विकलीं. ज्याच्या नांवावर घर आहे त्याला सहजासहजीं हुसकून लावतां येत नाहीं. मतदानाच्या हक्कासाठीं लढा सुरू झाला तेव्हां या गोष्टीचें मोल कळलें.

मतदारयादींत नांव घालावयाचें तर नदीपलीकडे कॅमडेन येथें जावें लागे, आणि १९६२ सालीं उतारूंची नावच बंद करण्यांत आली होती. १९६५च्या फेब्रुवारींत मार्टिन लूथर किंग गांवांत येऊन बोलून गेले. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत फ्रान्सिस वॉल्टर या गोऱ्या पाद्र्यांना त्या भागांतून जातांना एका घराबाहेर दोरीवर तीन गोधड्या दिसल्या. चकित होऊन ते घराकडे वळले, तों गोरा माणूस येतो आहे हें पाहून घरधनीण रानांत पळून गेली! त्या काळाविषयीं ग्रंथ पुष्कळ झाले, पण त्या एका पळण्यांत जेवढें आहे तेवढें थोड्याच पानांत सांपडेल.

वॉल्टर यांनीं दहा-दहा डॉलर देऊन गोधड्या घेतल्या. १९६६च्या मार्चांत न्यूयॉर्कमध्यें त्यांचा लिलांव झाला, आणि त्याच महिन्यांत बायकांची ‘फ्रीडम क्विल्टिंग बी’ ही सहकारी संस्था उभी राहिली. मोठ्या दुकानांच्या मागण्या आल्या. दुकानाला सारा माल एका मापाचा, एका नमुन्याचा हवा असे; ज्यांना प्रत्येक गोधडी निराळी करण्याची संवय, त्यांना तें जाचलें असल्यास नवल नाहीं. परंतु पैसा हातीं येई. १९७२ सालीं उशांच्या अभ्र्यांचें काम मिळालें, आणि त्याच्या कॉर्डुरॉयच्या कातरणी घरोघर पोंचून गोधड्यांत शिरल्या.

याप्रमाणें छायाचित्राची वेळ येईपर्यंत गोधड्या दोनदां जगापुढें येऊन गेल्या होत्या. १९९८ सालीं विल्यम आर्नेट या संग्राहकांनीं फ्रीमन यांच्या ग्रंथांत सरपणावरची ती गोधडी पाहिली आणि ते शोध घेत निघाले. ॲनी मे यंग यांचें घर सांपडलें. कांहीं गोधड्या त्यांनीं आठवड्यापूर्वींच जाळून टाकल्या होत्या. धुरानें डांस पळतात. चित्रांतली मात्र शिल्लक होती. ती व आणखी कांहीं मिळून कित्येक हजार डॉलरांची हुंडी बाईंच्या हातीं पडली.

२००२ सालीं ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयांत व मागाहून न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयांत या गांवच्या गोधड्या भिंतीवर टांगल्या गेल्या. २००६ सालीं अमेरिकन टपालखात्यानें त्यांचीं दहा तिकिटें काढलीं. उतारूंची नावही त्याच वर्षीं, चव्वेचाळीस वर्षांनीं, परत सुरू झाली. नक्षीचे हक्क कोणाचे व मोबदला किती, यावरून २००७ सालीं ॲनी मे यंग व आणखी दोघी बायकांनीं दावे लावले, ते पुढल्या वर्षीं आपसांत मिटले. अटी प्रसिद्ध झाल्या नाहींत. गोधडी एकीची, छायाचित्र दुसऱ्याचें आणि नकला तिसऱ्याच्या, अशी स्थिति झाली म्हणजे तंटा ठेवलेलाच.

ॲनी मे यंग २०१३ सालीं वारल्या. संग्रहालयांतील गोधड्यांवर मंद प्रकाश ठेवतात, कारण उन्हानें रंग उडतो. गीज बेंड येथें मात्र २०२२च्या ऑक्टोबरांत गोधड्यांना वारा देण्याचा उत्सव सुरू झाला. दोऱ्या बांधून गोधड्या बाहेर टांगतात, आणि दूरदूरचीं माणसें त्यांचीं छायाचित्रें काढावयास येतात.