रहीम मास्तर
आमच्या वीरच्या पोरांना सय्यद अब्दुल रहीम माहीत झाले ते ‘मैदान’ सिनेमामुळे, तेही अजय देवगणच्या चेहऱ्याने. मला ते आधी मास्तर वाटतात, आपल्याच पेशातले. हैदराबादच्या शाळांत शिकवायचे, तिथल्याच क्लबांत खेळायचे. १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांचा संघ त्यांच्या हाती आला आणि १९५४ पर्यंत सलग पाच वर्षं मुंबईचा रोव्हर्स कप हैदराबादलाच गेला.

त्यांची शिकवण्याची तऱ्हा बघा. फक्त कमजोर पायाने खेळायच्या स्पर्धा ते भरवत. उजव्या पायाच्या गड्याने चेंडू डाव्यानेच मारायचा! आपण मुलाला जे येतं तेच पुन्हा पुन्हा करून घेतो. माझंच सांगतो, उर्दूत हुशार असलेल्या पोराला मराठीच्या तासाला मी मागच्या बाकावर निवांत बसू देतो. दहावीला तोच अडतो.

४ सप्टेंबर १९६२ ला जकार्तात दक्षिण कोरियाला २-१ ने हरवून भारताने आशियाई सुवर्ण जिंकलं. जर्नैल सिंगच्या डोक्याला जखम होती. तो बचावातला गडी, रहीमसाहेबांनी त्याला पुढे खेळवलं आणि त्याने गोल केला. तेव्हा ते स्वतः कॅन्सरने आजारी होते. ११ जून १९६३ ला त्यांचं निधन झालं.

सोमवारी मागच्या बाकावरच्या त्या पोराला फळ्याशी बोलावणार आहे.