रात्रभराची तपासणी : कुणाला हवी, कुणाला नको

मागच्या बैठकीत आपल्या गटातल्या एका ताईंनी झोपेच्या तपासणीसाठी कर्ज मागितलं. कित्येक महिने त्यांच्या डोळ्याला डोळा नाही. मशीन सांगेल काय बिघडलंय, असं त्यांना वाटत होतं. म्हणून आज या तपासणीचाच इतिहास सांगते.

१९२४ साली जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेच्या लहरी पहिल्यांदा टिपल्या. पुढे शिकागो विद्यापीठात युजीन ॲसेरिन्स्की यांनी स्वतःच्या आठ वर्षांच्या मुलाला तारा लावून झोपेतल्या नोंदी घेतल्या. झोपेत डोळे मधूनमधून भरभर हलतात, हे त्यांनी आणि त्यांचे गुरू नॅथॅनियल क्लाइटमन यांनी १९५३ साली जगापुढे मांडलं. झोपेत मेंदू नुसता पडून राहतो, ही समजूत मोडली.

१९७० साली अमेरिकेत स्टॅनफर्डला विल्यम डिमेंट यांनी झोपेच्या विकारांचा दवाखाना काढला. तिथल्या डॉक्टरांनी १९७३ साली एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. झोप येत नाही म्हणून आलेल्या काही रुग्णांचा श्वासच झोपेत थांबत होता, आणि त्यामुळे त्यांना जाग येत होती.

मग झोप न येणाऱ्या प्रत्येकाला मशीन लावायचं का? नाही. झोप किती लागली हे मशीन मोजतं. पण मनातली काळजी, संध्याकाळचा चहा, दुपारची डुलकी त्याला दिसत नाही. त्यात परक्या खोलीत, अंगावर तारा घेऊन पहिल्या रात्री नेहमीसारखी झोप लागतेच असं नाही. १९९५ साली अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञांच्या संघटनेनेच सांगितलं, की निद्रानाशासाठी ही तपासणी सरसकट नको. आधी नीट विचारपूस आणि दोन आठवड्यांची झोपेची वही. मोठं घोरणं, श्वास अडकणं, पायांना झटके, किंवा उपचारांनी गुण न येणं, असं असेल तर मात्र तपासणी करावी.

आम्ही ताईंना घोरण्याचं विचारलं, तर त्या लाजल्या. बाईच्या घोरण्याची घरात चेष्टा होते, मग ती सांगेल कशाला? शेवटी सुनेनेच सांगितलं, "आत्यांचा श्वास मध्येच थांबतो, मग दचकून उठतात." हेच डॉक्टरांना सांगितलं आणि त्यांनी तपासणी लिहून दिली. गटाने कर्ज मंजूर केलं.

मैत्रिणींनो, पैशांची जुळवाजुळव करण्याआधी वही घाला. आणि घोरत असाल, तर डॉक्टरांना न लाजता सांगा.