दाढेजवळचा 'ज'

लहानपणी मक्तबमध्ये एका अक्षरापाशी आमची जीभ हमखास अडायची. ते अक्षर 'ज्वाद'. सूरह फातिहाच्या शेवटच्या शब्दात ते येते. आमचे उस्ताद 'जाल्लीन' म्हणत, शेजारच्या गावचे मौलवी 'दाल्लीन'. नमाज कुणाची खरी, इथवर गोष्ट जायची. एकदा तर दोन घरांतले जाणे-येणे यापायी महिनाभर बंद होते.

अरब लोक आपल्या भाषेला अभिमानाने 'ज्वादची भाषा' म्हणतात. पण तिचे व्याकरण लिहून ठेवले सिबवैहने, आणि तो होता इराणी! आठव्या शतकात बसरा येथे राहून त्याने 'अल्-किताब' रचला. त्यात या अक्षराची जागा दिली आहे : जिभेची कड आणि तिच्या लगतच्या दाढा. म्हणजे हवा समोरून नव्हे, 'ल'सारखी बाजूने निघायची. तो उच्चार पुढे अरबांच्याच तोंडून जवळजवळ गेला. कैरोत त्याचा जाड 'द' झाला, इराकात तो दुसऱ्याच एका अक्षरात मिसळला. त्याच्या नात्यातला ध्वनी ओमान-येमेनकडच्या मेहरी भाषेत मात्र अजून ऐकू येतो.

याचा पुरावा स्पेनमध्ये सापडतो. तिथे 711 साली अरबी फौजा पोहोचल्या आणि 'अल्-काजी' या शब्दाचा 'आल्काल्दे' झाला. आज त्याचा अर्थ नगराध्यक्ष. पहिला 'ल' अरबी उपपदाचा. पण 'द'च्या आधीचा दुसरा 'ल' आला कुठून? तो त्या दाढेजवळून आला.

आपल्याकडे हे शब्द फारसीमार्गे आले. इराण्यांनी ज्वाद, जाल, जे, जोय ही चारही अक्षरे एकाच उच्चारात बसवली होती. मराठीने त्या एकाचे पुन्हा दोन केले. 'कर्ज', 'हजर', 'जप्त' यांत 'जड'मधला दंत्य 'ज'. 'जिल्हा', 'मर्जी' यांत 'जिरे'मधला तालव्य. लिहायला अक्षर एकच, तरी 'जग' म्हणजे दुनिया की 'जग' म्हणजे जगत राहा, हे आपला कान बरोबर ओळखतो.

आमच्या गावातल्या त्या भांडणात दोघांचाही उच्चार सिबवैहने सांगितलेल्या जागेवरचा नव्हता. हे मला फार उशिरा कळले, तोवर दोघेही गेले होते. तालुक्याच्या कचेरीत मात्र दोघे एकाच दिवशी कर्जाचा अर्ज घेऊन हजर झालेले मी पाहिले आहेत. सगळे 'ज्वाद'चेच शब्द, आणि दोघांचे उच्चार अगदी सारखे.