काळी चौकट

२०१३ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या शाळेच्या संगणक-खोलीत नववीच्या मुलांना ग्रहणाची चित्रफीत दाखवावी असा बेत मी केला होता. एका सार्वजनिक संकेतस्थळावर ती फीत होती. चाळीस मुले दहा संगणकांभोवती दाटीवाटीने बसली. पान उघडले. मथळा आला, खालचा मजकूर आला, आणि जिथे सूर्य झाकोळला जावयाचा होता तिथे नुसती एक काळी चौकट आली. एक मुलगी म्हणाली, "सर, आधीच खग्रास लागलंय!" सारा वर्ग हसला. मीही हसलो. चौकटीत बारीक इंग्रजी ओळ होती : तुमच्या यंत्रात अमुक एक प्लेअर नाही, तो बसवून घ्या. बसवणार कसा? संगणक ठेकेदाराचे, पासवर्ड ठेकेदाराच्या माणसापाशी, आणि तो माणूस महिन्याकाठी एकदा उगवणार! उरलेला तास मी खडू आणि हातवारे यांच्यावर निभावून नेला.

मी काही संगणकशास्त्र शिकलेला मनुष्य नव्हे. कादंबऱ्या लिहिणारा मास्तर. परंतु ती काळी चौकट काही केल्या मनातून जाईना. ती आली कोठून याचा मी शोध घेत गेलो, आणि पाहता पाहता वीस-पंचवीस वर्षांचा एक इतिहासच हाती लागला.

इंटरनेटवरची पाने ज्या खिडकीतून आपण पाहतो तिला ब्राउझर म्हणतात, हे आता शाळकरी पोरालाही ठाऊक आहे. पानांची भाषा एचटीएमएल. टिम बर्नर्स-ली यांनी ती सुरू केली तेव्हापासून तिच्यात एक समंजस रिवाज आहे : ब्राउझरला एखादी अनोळखी खूण भेटली, की त्याने अडून न बसता ती ओलांडावी आणि तिच्या पोटात जो मजकूर असेल तो दाखवावा. कीर्तनात एखादा संस्कृत श्लोक कळला नाही म्हणून म्हातारी माणसे उठून जात नाहीत. पुढचे मराठी निरूपण ऐकतात. तसेच हे. चित्रफितींचा मामला मात्र या रिवाजात बसणारा नव्हता. मूळ भाषेत हलत्या चित्रांसाठी खूणच नव्हती. म्हणून प्रत्येक व्यापाऱ्याने आपापला प्लेअर काढला. रिअलप्लेअर, क्विकटाइम, विंडोज मीडिया प्लेअर अशी ती बाहेरून जोडावयाची ठिगळे होती. २००२ मध्ये फ्लॅश या ठिगळाला व्हिडिओ दाखवता येऊ लागला, २००५ मध्ये यूट्यूबने त्याचाच आधार घेतला, आणि मग जिकडे तिकडे फ्लॅश झाले.

त्याच सुमारास खिडकीही एकच उरली होती. मायक्रोसॉफ्टचा इंटरनेट एक्सप्लोरर ६ हा २००१ च्या ऑगस्टात आला, विंडोज एक्सपीबरोबर घरोघरी आणि कचेरी-कचेरीत शिरला, आणि प्रतिस्पर्धी लोळवल्यावर कंपनी जणू वामकुक्षीला गेली. पुढली आवृत्ती यावयास २००६ चा ऑक्टोबर उजाडला! पाच वर्षे साऱ्या जगाचा कारभार त्या एका खिडकीच्या मापाने शिवला गेला. आपल्याकडच्या सरकारी पानांच्या तळाशीही 'इंटरनेट एक्सप्लोररमधून उत्तम दिसेल' अशा अर्थाची पाटी असे, ती पुष्कळांना आठवत असेल.

२००७ मध्ये नॉर्वेच्या ऑपेरा कंपनीने सुचवले, की चित्राला जशी खूण आहे तशी व्हिडिओलाही असावी, ठिगळ नको. सूचना इतकी साधी, की आजवर कोणाला कशी सुचली नाही असे वाटावे. पण लगेच भाऊबंदकी पेटली. फीत कोणत्या रूपात साठवावी? ॲपलला एच.२६४ हवे, त्यावर पेटंटांची पट्टी होती. फायरफॉक्स आणि ऑपेरा म्हणत, आम्ही ती पट्टी भरणार नाही, थिओरा हे मुक्त रूप घ्या. २००९ मध्ये मसुद्याच्या संपादकाने कोणत्याही एका रूपाची सक्ती करण्याचा नाद सोडून दिला. झाले! आता लोकांसाठी पान बनवणाऱ्याने एकच फीत दोन रूपांत करून ठेवावयाची, आणि शिवाय जुन्या खिडकीवाल्यांची सोय पाहावयाची.

ती सोय ज्यांनी शोधली त्यांच्याविषयी मला आदर वाटतो. त्यांनी त्या जुन्या रिवाजाचाच उपयोग केला. बाहेर नवी व्हिडिओची खूण. तिच्यात दोन रूपांतल्या फितींचे पत्ते. त्यांच्याखाली, तिच्याच पोटात, फ्लॅशचे ठिगळ. त्याच्याही पोटात एक स्थिर चित्र आणि फीत उतरवून घेण्याचा साधा दुवा. नवा ब्राउझर पहिल्या पायरीवरच थांबे. जुन्याला ती पायरी कळत नसे, म्हणून तो आपोआप आत उतरे आणि त्याला कळेल तिथे टेके. अगदीच निष्कांचन आला तरी शेवटचा दुवा त्याच्या हाती पडे. लिहिणाऱ्याला दहा-पंधरा ओळी अधिक लिहाव्या लागत आणि साठवणीला जागा दुप्पट लागे. इतके करूनही ते करणारे थोडे.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. जुनी खिडकी नुसती मळकी नसते, तिच्या कड्या मोडलेल्या असतात. २०१० च्या जानेवारीत गूगलवर हल्ला झाल्याचे जाहीर झाले आणि इंटरनेट एक्सप्लोररमधल्या एका छिद्राचा त्यात वापर झाला, असे उघडकीस आले. तेव्हा जर्मनी आणि फ्रान्स यांच्या सरकारी यंत्रणांनी आपल्या नागरिकांना तो तूर्त वापरू नका असे बजावले. ब्रिटनमध्येही नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला, की कचेऱ्यांतून आवृत्ती ६ हद्दपार करा. सरकारने त्या जुलैत उत्तर दिले, की ते परवडणार नाही. कचेऱ्यांतले कामाचे कार्यक्रम त्याच खिडकीच्या मापाचे, ते सारे पुन्हा तपासावे लागतील. लोक याला आळस म्हणाले. मी म्हणणार नाही. आमच्या शाळेतले संगणक एक्सपीचे, आणि व्हिडिओची नवी खूण ओळखणारा इंटरनेट एक्सप्लोरर ९ हा २०११ मध्ये आला तो एक्सपीवर चालतच नसे. खिडकी बदला म्हणणाऱ्याला भिंतही बदलावी लागते, आणि भिंत कोणाच्या मालकीची हे मी वर सांगितलेच आहे.

यूट्यूबमधल्या मंडळींनी हा प्रश्न निराळ्याच रीतीने सोडवला. तिथे काम केलेल्या ख्रिस झकारियास यांनी २०१९ मध्ये ती हकीकत लिहिली. आवृत्ती ६ ची मनधरणी करण्यात आठवडेच्या आठवडे जात, म्हणून वैतागलेल्या चार-दोन अभियंत्यांनी २००९ च्या जुलैत वरिष्ठांना न विचारता एक पट्टी लावून टाकली : तुमच्या ब्राउझरला आम्ही लवकरच रजा देणार आहोत, नवा घ्या. ही पट्टी फक्त आवृत्ती ६ वाल्यांना दिसे. वकील धावत आले, पण तोवर गूगलच्या दुसऱ्या खात्यांनी ही वरूनच आलेली आज्ञा समजून आपणही तशाच पट्ट्या लावल्या होत्या! महिन्याभरात यूट्यूबवरचे आवृत्ती ६ चे वापरकर्ते निम्म्यावर आले, आणि २०१० च्या मार्चात तिचा आधार खरोखरच काढून घेतला गेला. हकीकत वाचताना मी खदखदून हसलो. मग मनात आले, ज्यांना पासवर्ड नव्हता त्यांनी ती पट्टी वाचून काय केले असेल?

याच झकारियास यांनी सांगितलेली दुसरी हकीकत मला अधिक मोलाची वाटते, आणि हा लेख लिहावयास मी तिच्यामुळेच बसलो. यूट्यूबचे एक पान तेव्हा १.२ मेगाबाइटच्या घरात गेले होते. त्यांनी ते कापून छाटून शंभर किलोबाइटच्या आत आणले, त्याला 'फेदर' म्हणजे पीस असे नाव दिले, आणि काही लोकांना दाखवून किती वेळ लागतो ते मोजले. पानाचे वजन बाराव्या हिश्श्यावर आले होते. तरी सरासरी वेळ कमी होण्याऐवजी वाढला! गणित चुकले म्हणून ते हताश झाले. मग नकाशा पाहिला तेव्हा उलगडा झाला. आग्नेय आशिया, दक्षिण अमेरिका, आफ्रिका, सैबेरिया अशा ठिकाणांहून एकाएकी माणसे येऊ लागली होती. जुने पान त्यांच्याकडे पोहोचण्यास वीस-वीस मिनिटे लागत. तेव्हा ती येतच नव्हती, म्हणून सरासरीतही नव्हती. आता दोन मिनिटांत चित्र हलू लागे, आणि ती थांबून पाहत. त्यांच्या संथ दोन मिनिटांनी सरासरी वर ओढली होती.

संकेतस्थळाचे चालक म्हणतात, जुन्या ब्राउझरने येणारे शेकडा एक-दोनच, त्यांच्यासाठी खर्च कशाला? पण हा हिशेब दाराच्या आत बसून केलेला असतो. आमच्या चाळीस मुलांनी ती काळी चौकट पाहिली त्याची नोंद त्या विज्ञानफितीच्या प्रेक्षकांत झाली नसणार. हजेरीपटावर नाव नसलेल्या मुलाची गैरहजेरीही लागत नाही, हे आम्हा मास्तरांना चांगले ठाऊक असते. खासगी दुकानदाराने गिऱ्हाईक निवडावे. त्याचा तो धंदा आहे. कराच्या पैशाने चालणाऱ्या पानाला ही मुभा मी देऊ शकत नाही.

पुढे काळाने फ्लॅशलाही गाठले. ॲपलने आयफोनवर त्याला कधी उंबरा ओलांडू दिला नाही. २०१५ च्या जानेवारीत यूट्यूबने नव्या खुणेला पहिला मान दिला. २०२० च्या ३१ डिसेंबरला ॲडोबीने फ्लॅशचा आधार संपवला. दक्षिण आफ्रिकेच्या करखात्याचे काही अर्ज तोवर फ्लॅशमध्येच होते. २०२१ च्या जानेवारीत त्या खात्याने ते अर्ज भरता यावेत म्हणून फ्लॅश चालणारा स्वतःचा वेगळा ब्राउझरच लोकांना दिला! जग हसले. मला त्या खात्याचे हसू आले नाही. अर्ज वेळेवर बदलले नाहीत ही चूक खरी, पण दार बंद झाल्यावर निदान खिडकी तरी उघडून दिली.

२०२२ च्या १५ जूनला इंटरनेट एक्सप्लोररही निवृत्त झाला. आज कोणी आवृत्ती ६ साठी पान लिहा म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. आता जुनी खिडकी आमच्या पालकांच्या खिशात असते : नव्या आवृत्त्या मिळेनाशा झालेला, काचेला तडा गेलेला फोन.

त्या ग्रहणाचे पुढे काय झाले ते सांगावयाचे राहिलेच. त्या दिवशी सायंकाळी मी पान पुन्हा नीट वाचले. काळ्या चौकटीखाली, तळाशी, बारीक अक्षरांत एक दुवा होता : फीत उतरवून घ्या. कोणा अनामिकाने तो ठेवला होता. गावातल्या सायबर कॅफेतल्या पोराने ती फीत माझ्या पेनड्राइव्हवर उतरवून दिली. वर, काही न बसवता पेनड्राइव्हवरूनच चालणारा व्हीएलसी प्लेअरही टाकला आणि दहा रुपये घेतले. दुसऱ्या दिवशी दहांपैकी एका संगणकावर फीत लावली. चाळीस मुले त्या एकाच पडद्यावर वाकली. खग्रास झाल्यावर कडेने हिऱ्यासारखा पहिला किरण फुटला तेव्हा तीच कालची मुलगी हळूच म्हणाली, "सर, परत लावा ना."

पुन्हा लावली. तिसऱ्यांदा लावणार तोच घंटा झाली.