लायडनची बरणी आणि विहिरीवरची मोटार

बटण दाबले तरी छताचा पंखा नुसता घूं घूं करीत उभा राहतो, आणि काठीने पाते ढकलले की गरगर फिरू लागतो. हा अनुभव पुष्कळांना असेल. विहिरीवरची सिंगल फेज मोटारही कधीकधी असाच हट्ट धरते. मग बाजारातून नवा कपॅसिटर आणायचा. आपले मिस्त्री त्याला कंडेन्सर म्हणतात. आमच्या शेजारच्या एका शेतकऱ्याने ऐन उन्हाळ्यात तो मुद्दाम मोठा आणला. मोटार जोरात चालेल, हा हिशेब. थोड्याच दिवसांत वाइंडिंग जळाले आणि पाण्याविना भाजीचे वाफे वाळले. चूक कुठे झाली? थोडे मागे जाऊन पाहू.

१७४५ साली पोमेरानियात फॉन क्लाइस्ट यांनी, आणि १७४६ साली हॉलंडातील लायडन येथे प्राध्यापक मुसेनब्रूक यांनी काचेच्या बरणीत वीज साठविली. बरणीला हात लावताच जबर झटका बसला. आजचा कपॅसिटर या बरणीचाच वंशज. दोन धातूंचे पत्रे आणि मध्ये वीज न वाहू देणारा पडदा, एवढीच त्याची रचना. त्याची धारणशक्ती फॅरेडे यांच्या नावाने फॅरडमध्ये मोजतात. मोटारीला मायक्रोफॅरड, म्हणजे त्याचे दशलक्षांश, पुरतात.

मोटारीला याची गरज का पडावी? जात्याचा खुंटा सरळ रेषेत नुसता पुढे-मागे ढकलून पाहा. जाते फिरणार नाही. हात आडवाही वळावा लागतो. सिंगल फेजची वीज अशीच पुढे-मागे होते. इटलीतील तुरिन येथील शिक्षक गालिलेओ फेरारिस यांनी १८८५ साली दोन वेटोळी काटकोनात ठेवली, एकीतला प्रवाह दुसरीच्या मागेपुढे ठेवला, आणि त्यांत ठेवलेला तांब्याचा गोळसर तुकडा फिरू लागला! १८८८ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले; त्याच वर्षी अमेरिकेत टेस्ला यांना अशा मोटारींची पेटंटे मिळाली. सिंगल फेज मोटारीत दुसऱ्या वेटोळ्याचा प्रवाह पुढे सरकविण्याचे काम पुढे कपॅसिटरकडे आले.

म्हणजे कपॅसिटर हे जोर वाढविण्याचे औषध नव्हे; तो वेळ साधणारा आडवा हात आहे. लहान असला तर जोर अपुरा. मोठा असला तर दुसऱ्या वेटोळ्यात जादा प्रवाह जाऊन ते तापते. शेजाऱ्यांचे नेमके हेच झाले.

म्हणून मोटारीच्या पाटीवरचा किंवा जुन्या कपॅसिटरवरचा मायक्रोफॅरडचा आकडा तोच घ्यावा. व्होल्टचा आकडा तेवढाच किंवा अधिक चालेल, कमी मात्र कदापि नको. मोटारीत कपॅसिटरवर पुरवठ्यापेक्षा जास्त दाब येतो, म्हणून २३० व्होल्टच्या मोटारीवर ४४० व्होल्टचा कपॅसिटर दिसतो. सुरुवातीचा कपॅसिटर काही सेकंदांपुरता असतो. मोटार सुमारे तीन चतुर्थांश वेगावर आली की आतला स्विच त्याला तोडतो. तो कायम चालणाऱ्याच्या जागी लावू नये, फुटू शकतो. आणि नवा घेण्यापूर्वी बेअरिंग अडकले आहे का, व्होल्टेज कमी आहे का, हेही पाहावे. तेव्हाही मोटार अशीच घुमते.

एक शेवटचे. वीज बंद केली तरी कपॅसिटरमध्ये ती शिल्लक राहू शकते. लायडनचा तो झटका आपल्या घरी नको. त्याला हात लावण्याआधी जाणत्या मिस्त्रीकडून तो रिकामा करून घ्यावा.